लहान भाषेचा कैवार

‘ती भाषा शिकून पोट भरणार आहे काय?’ हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. संस्कृतविषयी तो विचारून झाला, मराठीविषयी तो घरोघर रोज विचारला जातो, आणि आता संगणकाशी बोलावयाच्या भाषांविषयीही तोच प्रश्न त्याच सुरात विचारला जाऊ लागला आहे. विचारणारे गृहस्थ बहुधा भरल्या पोटी विचारतात, ही गोष्ट निराळी. आज या प्रश्नाशी मला चार हात करावयाचे आहेत. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु फराळाच्या ताटांभोवती सारे कुटुंब एकत्र बसते ते याच दिवसांत. त्यात अभियांत्रिकीला जाणारा मुलगा असतो, त्याच्या फीची जुळवाजुळव करणारे वडील असतात, आणि ‘तो शेजारचा काय शिकतो ते शीक’ असे सांगणारे मामा-काकाही असतात. तंट्यातील सारे पक्षकार एका जागी सापडण्याचा असा योग मी का सोडावा?

वादाचा विषय आधी स्वच्छ मांडतो. मी उलव्यात राहतो. तीस वर्षे रसायनांच्या कारखानदारीत काढली. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या कचेरीत पाच-पंचवीस मुले-मुली जमवून त्यांना आकडेमोड शिकवतो. उलवे, गव्हाण, वहाळ, जासई या बाजूची ही मुले. कोणी डिप्लोमाला, कोणी पदवीला. मी त्यांना सायलॅब नावाच्या भाषेत गणिते करावयास लावतो, आणि ती भाषा त्यांच्या जुन्यापान्या लॅपटॉपवर एका हलक्या कंटेनरात, म्हणजे डब्यात, घालून देतो. एवढ्याशा उद्योगापायी मला दोन बाजूंनी बोलणी खावी लागतात. एक पक्ष म्हणतो, ‘कोणाला ठाऊक नसलेली ही भाषा कशाला? पायथॉन शिकवा, नाहीतर सगळे वापरतात ते मॅटलॅब शिकवा.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘डबा घेतलात ते उत्तम! आता त्यात सगळेच भरा. डबा आहे ना, मग विचार कशाला करता?’ मला या दोन्ही पक्षांशी भांडावयाचे आहे. माझ्या मते दोघांचाही आजार एकच आहे. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे ठरवण्याचा कंटाळा.

प्रथम ही सायलॅब बाई कोण, ते सांगितले पाहिजे. समजा, तीन टाक्या एकमेकींना नळांनी जोडलेल्या आहेत. एकीत तीव्र द्रावण, दुसरीत सौम्य, तिसरीत नुसते पाणी. कोठून किती वाहते ते ठाऊक आहे, आणि शेवटी प्रत्येक टाकीत किती तीव्रतेचे द्रावण राहील ते काढावयाचे आहे. कागदावर तीन समीकरणे मांडून ती सोडवावयास पाव तास लागतो. टाक्या दहा झाल्या की पाव तासाचा दिवस होतो. सी भाषेत लिहिले तर आधी कोष्टकासाठी जागा मागा, मग एकात एक फेरे लिहा, असे करता करता मुलगा टाक्या विसरतो आणि फेऱ्यांतच गरगरतो. सायलॅबमध्ये आकड्यांचे कोष्टक जसे वहीत मांडावे तसे मांडावयाचे आणि एका तिरप्या रेघेने भागावयाचे. उत्तर एका ओळीत हजर. मुलाचे डोके टाक्यांवरच राहते. रसायनांच्या, यंत्रांच्या, विजेच्या विद्यार्थ्याला जी गणिते जन्मभर करावी लागतात, त्यांच्यासाठीच ही भाषा घडवलेली आहे.

ती घडली फ्रान्समध्ये. तेथील इन्रिया ही सरकारी संशोधनसंस्था. १९८० नंतरच्या दशकात तेथे आधी ब्लेझ, मग बाझील अशी नावे घेत ती वाढली, १९९० साली सायलॅब झाली आणि १९९४ साली जगाला मोफत वाटण्यात आली. आज तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, कोणीही बदलावा. तिची थोरली बहीण शोभेल अशी मॅटलॅब. तिचा इतिहास तर फारच बोलका आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता कोष्टकांची गणिते करता यावीत, म्हणून त्यांनी ती लिहिली आणि फुकट दिली. कंपनी निघाली ती १९८४ साली. म्हणजे आज जिचे नाव घेतल्यावाचून प्रयोगशाळेचे दार उघडत नाही, ती भाषा एका मास्तराने आपल्या वर्गापुरती केलेली, कोणाला ठाऊक नसलेली चिमुकली भाषा होती! त्या वेळी त्या विद्यापीठात ‘पोट भरणार आहे काय’ म्हणणारे आमचे हे गृहस्थ असते तर? पायथॉनचेही तेच. १९९१ साली ॲम्स्टरडॅमच्या एका संशोधनसंस्थेतून ती बाहेर पडली तेव्हा तिला नोकरीच्या जाहिरातीत कोण विचारीत होते? मोठ्या भाषा आकाशातून पडत नाहीत. त्या लहान असताना कोणीतरी त्यांच्याशी बोलत राहते, म्हणून त्या मोठ्या होतात.

आणि सायलॅबशी बोलणारे आपल्या दाराशीच आहेत. पवईच्या आयआयटीत फॉसी नावाचा प्रकल्प चालतो. केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक मोहिमेच्या पैशातून तो उभा राहिला, आणि प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तो वाढवला. नेहमीच्या अभ्यासातील पाठ्यपुस्तके घ्यावयाची, त्यांत सोडवून दाखवलेली उदाहरणे एकेक करून सायलॅबमध्ये उतरवावयाची, आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावयाची, असे काम त्यांनी देशभरच्या विद्यार्थी-शिक्षकांकडून करवून घेतले. अशी शेकडो पुस्तके तयार आहेत. त्याच आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात दहा-दहा मिनिटांचे पाठ आपल्या भाषांत बोलून ठेवले आहेत, त्यांत मराठीही आहे. पवई ते उलवे हे अंतर पूर्वी मोठे होते. आता खारकोपरला २०१८ पासून गाडी येते, २०२४ पासून ती पुढे उरणपर्यंत जाते, आणि अटल सेतूने मुंबई दाराशी आणून ठेवली आहे. तरीही पवईचे ज्ञान उलव्याच्या मुलाला पोहोचत नाही. काखेत कळसा असावा आणि गावाला वळसा घालावा, तसा हा प्रकार आहे.

का पोहोचत नाही? माझ्या वर्गातील एका मुलीची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, आणि तिच्या महाविद्यालयाचेही सांगत नाही. तिने प्रयोगवहीतील चार गणिते सायलॅबमध्ये करून नेली. उत्तरे बरोबर होती. परीक्षक गृहस्थांनी वही परत केली. कारण काय, तर ‘हे आमच्या यंत्रांवर चालत नाही, आम्हाला पडताळता येत नाही. मॅटलॅबमध्ये करून आण.’ मुलीने विचारले, ‘सर, ते विकत घ्यावे लागते ना?’ तेव्हा शेजारच्या सहायकाने हळूच सांगितले, ‘अगं, पेन-ड्राइव्ह आण, देतो मी.’ तो पेन-ड्राइव्ह कशाने भरला जाणार होता, हे वाचकांना सांगावयास नको. ज्या संस्था रीतसर पैसे मोजून मॅटलॅब घेतात, त्यांच्याशी माझे काही भांडण नाही. ते उत्तम हत्यार आहे, आणि हत्याराचे दाम द्यावे. परंतु प्रामाणिकपणे फुकट मिळणारी वस्तू नाकारून विद्यार्थ्याच्या हातावर चोरीची प्रत ठेवावयाची, आणि वर ‘जगात हेच चालते’ असे बजावावयाचे, हे कोणते शिक्षण? अभियंता होण्याआधीच मुलीला पहिला धडा मिळाला तो हा, की परवाना ही घेण्याची वस्तू नसून चुकवण्याची वस्तू आहे. अशा चोरीच्या प्रतीतून यंत्रात काय काय शिरते, ती कथा निराळीच.

असो. परीक्षक महाशयांच्या बोलण्यात एक खरा मुद्दा होता. तो मी टाळणार नाही. ‘आमच्या यंत्रांवर चालत नाही.’ ही तक्रार सायलॅबबाबतच नव्हे, तर कमी वापराच्या प्रत्येक भाषेबाबत खरी असते. लोकप्रिय भाषेला सारे जग जपते. नवे यंत्र आले, नवी विंडोज आली, की दुसऱ्या दिवशी तिची दुरुस्ती तयार. लहान भाषेचे घर सांभाळणारे हात थोडे. तिला अमुक ग्रंथालय तमुक आवृत्तीचेच लागते, आणि ते नेमके तुमच्या यंत्रावर नसते. तीस मुलांचे तीस लॅपटॉप म्हणजे तीस तऱ्हा. माझ्या वर्गाचे पहिले दोन महिने कोणाचे काय अडले ते पाहण्यातच जावयाचे. आणखी एक पेच आहे. पवईच्या त्या पाठ्यपुस्तकांतील पुष्कळशी उदाहरणे सायलॅबच्या पाचव्या पिढीत लिहिलेली. २०१७ साली सहावी पिढी आली, आणि तिने स्मरणशक्ती सांभाळण्याची रीत बदलली. जुन्या उदाहरणांत आरंभी ‘स्टॅकसाइझ’ म्हणून एक आज्ञा पुष्कळदा असते, ती नव्या सायलॅबने काढूनच टाकली. मुलगा आयआयटीने दिलेले उदाहरण जसेच्या तसे चालवतो आणि पहिल्याच ओळीत लाल अक्षरांत झिडकारला जातो. त्याने भाषेला दोष दिला तर नवल काय!

येथेच डब्याचा उपयोग आहे.

उलव्यात राहणाऱ्याला कंटेनर समजावून सांगणे सोपे. आमच्या रस्त्यावरून रात्रंदिवस तेच धावत असतात. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून या पट्ट्यातील लहान पोरेही वीस फुटी आणि चाळीस फुटी डबा दुरून ओळखतात. माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या बोटीवर अठ्ठावन्न डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले, आणि जगाचा व्यापार पालटला. त्याआधी गोणी, पिंपे, खोकी एकेक करून हमाल उतरवीत. मॅक्लीनने काय केले? बाहेरचे माप एक केले. आत चहा असो, मोटारीचे सुटे भाग असोत की कापड असो, यारीला त्याचे काही देणेघेणे नाही. तिला चार कोपरे सापडले की पुरे.

संगणकातील डबा तसाच. आत कोणती भाषा आहे, तिला काय काय लागते, ते सारे डब्यात. बाहेरून प्रत्येक डबा सारखाच उचलला जातो, सारखाच चालतो. ही कल्पना एका दिवसात आली नाही. १९७९ साली युनिक्समध्ये एखाद्या कार्यक्रमाला ‘हीच खोली म्हणजे सारे घर’ असे भासवण्याची सोय झाली. २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात त्यात, प्रत्येकाला स्मृती आणि गणनशक्ती मापून देण्याची व्यवस्था आली. २०१३ साली सॉलोमन हाइक्स आणि त्यांच्या मंडळींनी डॉकर काढले, आणि सामान्य माणसाला डबा भरणे जमू लागले. आमच्या पनवेलातच २०२० साली जे भले थोरले डेटा-केंद्र उघडले, तशा केंद्रांत आज असंख्य डबे रात्रंदिवस चालतात. तुम्ही मोबाइलवरून भाजी मागवता, तेव्हा तुमची मागणी बहुधा अशाच कुठल्यातरी डब्यात जाऊन पडते.

पूर्वी हेच काम करावयास यंत्राच्या पोटात दुसरे संपूर्ण यंत्र उभे करीत. तो झाला स्वतंत्र बंगला. स्वतःचा पाया, स्वतःची विहीर, आणि जागाही तेवढीच खाणार. डबा म्हणजे आमच्या उलव्याच्या इमारतीतील सदनिका. पाया एक, गच्चीवरची टाकी एक, परंतु प्रत्येकाचे दार निराळे, कुलूप निराळे आणि पाण्याचा वाटाही ठरलेला. म्हणून तो हलका. जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर बंगला बांधता येत नाही. लिनक्स घातलेले असेल तर सदनिका सुखाने मावते. विंडोजवर मात्र डॉकरला आधी आत एक लहानसा लिनक्सचा बंगला बांधावा लागतो, आणि तेथे गरीब यंत्राला धाप लागते. म्हणून मी मुलांच्या जुन्या यंत्रांवर सरळ लिनक्स घालून देतो आणि पॉडमन नावाचे मोफत हत्यार वापरतो. ते यंत्राच्या मालकीहक्काची किल्ली न मागता डबा चालवते.

आता डबा भरण्याची रीत. येथे माझ्या गृहिणी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. हे शास्त्र त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. परदेशी असलेल्या मुलाला आपण दिवाळीचा फराळ पाठवतो, तेव्हा डब्यात चकल्या जातात, सोऱ्या जात नाही. सोऱ्या, कढई, झारा हे सारे स्वयंपाकघरातच राहते. संगणकाच्या डब्याचेही तसेच करता येते. भाषा घडवावयाची तर पुष्कळ अवजारे लागतात. ती एका मोठ्या डब्यात वापरावयाची, आणि तयार झालेला जिन्नस तेवढा दुसऱ्या, लहान डब्यात उचलून ठेवावयाचा. डब्याची कृती मात्र साध्या मजकुरात लिहून ठेवावयाची. कोणता पाया घेतला, कोणती आवृत्ती घातली, कोणत्या क्रमाने घातली. ‘अंदाजाने मीठ’ असे तेथे चालत नाही. आवृत्तीचा आकडा स्पष्ट लिहावा लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी तीच कृती दुसरीच चव देते.

पाया कोणता घ्यावा, यावरही वाद आहे. अल्पाइन नावाचे एक लिनक्स आहे, त्याचा पाया जेमतेम सात-आठ एमबीचा. अनेक लहान भाषा त्यावर झकास राहतात. परंतु सायलॅबची तयार प्रत ज्या मूलभूत ग्रंथालयावर उभी असते, ते ग्रंथालय अल्पाइनमध्ये नाही. तेथे त्याच्या जागी मसल नावाचे दुसरे, आटोपशीर ग्रंथालय असते. तेव्हा मी डेबियनचा सडपातळ पाया घेतो. तो पाऊणशे एमबीच्या आसपास भरतो. दुसरी काटकसर अशी की सायलॅबला खिडक्या आणि आलेख यांसाठी जावा लागते. नुसती आकडेमोड करावयाची तर जावावाचून चालणारे तिचे साधे रूप आहे. तेवढेच डब्यात घालतो. आलेख काढावयाचे असतील त्या रविवारी दुसरा, जड डबा काढतो. पाचव्या पिढीचा एक डबा आणि सहाव्या पिढीचा एक, असे दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो. जुने उदाहरण जुन्या डब्यात, नवे नव्यात, आणि ‘स्टॅकसाइझ’चे भांडण मिटले. जुन्या डब्याला बाहेरच्या जाळ्याची वाट बंद करून ठेवतो, कारण ज्या वस्तूची दुरुस्ती आता कोणी करीत नाही तिने गावभर हिंडू नये. सारा डबा एका फाइलीत बांधून पेन-ड्राइव्हवर देता येतो. तो मुलाने घरी नेला, महाविद्यालयात नेला, की एका आज्ञेत उघडतो. त्या परीक्षक महाशयांना आता म्हणता येणार नाही की आमच्या यंत्रावर चालत नाही. पेन-ड्राइव्ह त्यांच्या सहायकाच्या ओळखीचाच आहे. फक्त या खेपेस त्यात चोरीचा माल नाही.

‘एवढे सोंग कशाला? सरळ यंत्रावर बसवा की!’ असे कोणी म्हणेल. एकट्याला, एका यंत्रावर, एका वर्षापुरते वापरावयाचे असेल तर खुशाल सरळ बसवा. डब्याची गरज पडते ती अनेकांना एकच वस्तू एकसारखी हवी असते तेव्हा, आणि आज केलेले काम चार वर्षांनी पुन्हा करून दाखवावयाचे असते तेव्हा. शिक्षणात या दोन्ही गोष्टी रोजच्या आहेत.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हे तरुण मित्र डब्याचे परमभक्त. त्यांचा एकेक डबा दोन-दोन जीबीचा! आत पायथॉन, जावा, तीन डेटाबेस, आणि कशाला आहे ते त्यांनाही ठाऊक नसलेल्या पन्नास वस्तू. ‘कृती कोणाची?’ विचारले तर म्हणतात, ‘इंटरनेटवर तयार मिळाला.’ अहो, अनोळखी माणसाने दिलेला पेढा खाऊ नये, हे आपण पोरांना शिकवतो ना? २०१८ साली डॉकरच्या सार्वजनिक भांडारात एकाच खात्यावर ठेवलेले सतरा तयार साचे सापडले. ते उतरवून घेणाऱ्याच्या यंत्रावर गुपचूप कोणा दुसऱ्यासाठी आभासी नाण्यांची खाण चालवीत. २०१९च्या फेब्रुवारीत तर डबे चालवणाऱ्या रनसी या हत्यारातच भेग सापडली. आतल्या दुष्टाला त्या भेगेतून बाहेर येऊन साऱ्या इमारतीचा मालक होता येत होते. भेग लागलीच बुजवली गेली. परंतु सदनिकांचा पाया एकच असतो, हे विसरून चालत नाही. आपल्या डब्यात काय आहे हे एका कागदावर सांगता आले पाहिजे. हलकेपणाचा आग्रह मी धरतो तो चार एमबी वाचावेत म्हणून नव्हे. डबा हलका ठेवावयाचा तर प्रत्येक वस्तूला विचारावे लागते, ‘तू येथे कशाला?’ हा प्रश्न विचारण्याची सवय म्हणजेच अर्धी अभियांत्रिकी. शिवाय आमच्या मुलांचे इंटरनेट मोबाइलच्या रोजच्या मापातले असते. दोन जीबीचा डबा उतरवावयास सांगणे म्हणजे दिवसभराचे माप एका घोटात प्यावयास सांगणे होय.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. मी तो झटकून टाकणार नाही. ज्यांच्या बापजाद्यांची भातशेती आणि मिठागरे गेली आणि त्या जमिनीवर आज दुसऱ्यांचे डबे रचले जातात, अशा घरांतील मुले माझ्यासमोर बसतात. त्यांना नोकरी हवी आहे, आणि मुलाखतीत पायथॉन विचारतील हे खरे आहे. मी त्यांना सांगतो, पायथॉन शिकाच. परंतु पायथॉनमध्ये आकड्यांची कोष्टके ज्या नमपाय नावाच्या साधनाने हाताळतात, त्यातील विचार आला कोठून? केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली पुस्तकात मांडलेल्या एपीएल या विचित्र चिन्हांच्या भाषेकडून, आणि पुढे मॅटलॅबकडून. आयव्हर्सन यांची भाषा आज किती जण वापरतात? मूठभर. तिने दिलेला विचार मात्र जगभरच्या संगणकांत रोज चालतो. ज्याने सायलॅबमध्ये कोष्टकांनी विचार करावयास शिकले, त्याला नमपाय हे आठ दिवसांचे काम. ज्याने नुसत्या आज्ञा पाठ केल्या, त्याची नोकरी त्या आज्ञांइतकीच टिकेल. आणि हल्ली तर आज्ञा लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. तेव्हा पाठांतराला पगार कोण देणार, याचा विचार मामा-काकांनी करावा.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, डबा मिळाला म्हणजे लहान भाषेचे भाग्य उजळले. छे! भाषा डब्यात टिकते ती लोणच्यासारखी. टिकते खरी, परंतु वाढत नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. आनंदच झाला. परंतु घरात नातवाशी इंग्रजीत बोलून दर्जाचे पेढे वाटणारी मंडळी मी पाहिली आहेत. उलव्याच्या जुन्या घरांतून ऐकू येणारी आगरी बोली कोणी ध्वनिफितींत भरून ठेवली, म्हणून ती जगणार नाही. अंगणात आजी नातीवर त्या बोलीत रागावली तर जगेल. सायलॅबचेही तसेच. डबा केला तो तिला कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, तर तीन टाक्यांचे गणित अडलेल्या मुलीपर्यंत ती आज, या रविवारी पोहोचावी म्हणून. त्यापुढचे काम माणसांचे आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती ज्यांना उद्देशून आहे त्यांना सहज समजेल. पनवेल-उरण भागातील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्या प्रयोगशाळेसाठी एक हलका डबा भरावा. त्याची कृती आवृत्तीच्या आकड्यांसह मराठीत लिहून फळ्यावर लावावी. विद्यार्थ्याने कोणत्याही मोफत भाषेत गणित करून आणले आणि सोबत डबा आणला, तर परीक्षकाने तो उघडून उत्तर तपासावे. भाषेचे नाव पाहून वही परत करू नये. आणि चोरीची प्रत देणारा हात, मग तो कितीही प्रेमाचा असो, प्रयोगशाळेतून बाहेर काढावा. यांतील एकाही गोष्टीला सरकारी मंजुरी लागत नाही. एक जुने यंत्र, एक पेन-ड्राइव्ह आणि एक रविवार पुरतो.

पालकांना तर याहून थोडे मागतो. या सुटीत मुलगा किंवा मुलगी काहीतरी अनोळखी नावाची भाषा चालवीत बसलेली दिसली, तर ‘याने पोट भरणार आहे काय’ हे तोंडाशी आलेले वाक्य चकलीबरोबर गिळून टाका. त्याऐवजी विचारा, ‘काय सोडवते आहेस?’ ती सांगू लागली की ऐका. दहा मिनिटे लागतील. समजले नाही तर पुन्हा विचारा.